२३०० संध्याकाळ-सकाळ : दानीएलच्या ग्रंथातील एका आकड्याचे दुर्दैव

१/
२२ ऑक्टोबर १८४४. अमेरिकेच्या ईशान्य भागातील हजारो माणसे त्या दिवशी येशू ख्रिस्ताच्या पुनरागमनाची वाट पाहत होती. दिवस मावळला, मध्यरात्र उलटली आणि २३ तारखेचा सूर्य नेहमीसारखाच उगवला. अमेरिकी धर्मेतिहासात ही घटना ‘महानिराशा’ म्हणून ओळखली जाते.

२/
ही कथा आज दोन रूपांत फिरते. पहिले रूप टवाळीचे : पांढरे झगे घालून छपरांवर आणि टेकड्यांवर चढून बसलेले अडाणी लोक. दुसरे रूप गंभीर चेहऱ्याचे : ‘तारीख चुकली, पण पद्धत बरोबर होती’. पश्चिम आशियात युद्ध भडकले की याच पद्धतीने नव्या तारखा काढल्या जातात आणि बायबलमध्ये हे सारे आधीच लिहिलेले आहे, असे ठणकावून सांगितले जाते. पहिले रूप आळशीपणाचे आहे. दुसरे त्याहून वाईट आहे, कारण त्यात मूळ ग्रंथच हरवतो. या थ्रेडचा रोख मुख्यतः दुसऱ्यावर आहे; परंतु पहिल्याचा निकाल आधी लावणे आवश्यक आहे.

३/
झग्यांची गोष्ट ही तत्कालीन वृत्तपत्रांची आणि विरोधकांची करमणूक होती. तिला विश्वासार्ह पुरावा नाही. विल्यम मिलर (१७८२–१८४९) हा न्यूयॉर्क राज्यातील लो हॅम्पटन येथील शेतकरी. तरुणपणी तो चमत्कार न मानणारा, केवळ बुद्धीला पटणारा ईश्वर मानणारा होता. १८१२ च्या युद्धात तो कप्तान होता आणि १८१४ ची प्लॅट्सबर्गची लढाई त्याने पाहिली होती. पुढे तो श्रद्धेकडे वळला, तोही आपली चिकित्सक सवय बरोबर घेऊन. बायबल आणि त्याची शब्दसूची एवढ्याच साधनांनिशी त्याने ओळ अन् ओळ ताडून पाहिली. १८१८ मध्ये त्याचा हिशेब पूर्ण झाला. परंतु जाहीर व्याख्यान द्यायला तो १८३१ मध्ये उभा राहिला. मधली तेरा वर्षे तो स्वतःचे उत्तर तपासत होता. याला उतावळा वेडा म्हणता येत नाही.

४/
मिलर एकटाही नव्हता. लॉगरिदमचा शोध लावणारा जॉन नेपियर याने १५९३ मध्ये प्रकटीकरणाच्या पुस्तकावर गणिती शिस्तीचे भाष्य प्रसिद्ध केले. आयझॅक न्यूटनचे दानीएल व प्रकटीकरणावरील लेखन त्याच्या मृत्यूनंतर १७३३ मध्ये छापले गेले. विसाव्या शतकात १९८८ सालासाठी ८८ कारणे देणारा एडगर व्हिझनंट हा नासातील माजी अभियंता होता. २१ मे २०११ ही तारीख जाहीर करणाऱ्या हॅरोल्ड कॅम्पिंगचे शिक्षणही स्थापत्य अभियांत्रिकीचे. ही यादी अडाण्यांची नाही, आकडेमोड येणाऱ्यांची आहे. तेव्हा ‘अंधश्रद्धा’ हा शब्द फेकून मोकळे होणाऱ्यांनी थोडे थांबावे. येथे रोग श्रद्धेचा कमी आणि वाचनाचा अधिक आहे : वाक्यातून आकडा उपटून काढायचा आणि उरलेले वाक्य टाकून द्यायचे.

५/
आता तो हिशेब. दानीएलच्या ८ व्या अध्यायातील १४ व्या वचनात २३०० हा आकडा येतो. तेवढा काळ लोटल्यावर पवित्रस्थान पूर्ववत होईल, असा त्याचा आशय. मिलरने २३०० दिवस म्हणजे २३०० वर्षे धरली. आरंभबिंदू म्हणून इराणी सम्राट अर्तहशश्त याच्या सातव्या वर्षीचा, म्हणजे इ.स.पू. ४५७ चा हुकूम घेतला. २३०० वजा ४५७ म्हणजे १८४३. पुढे लक्षात आले की इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येते, मध्ये शून्य वर्ष नाही, म्हणून १८४४. सॅम्युएल स्नो याने त्यात यहुदी प्रायश्चित्तदिनाची, सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवसाची भर घातली. प्रचलित यहुदी पंचांगानुसार त्या वर्षी हा दिवस २३ सप्टेंबरला येत होता. स्नोने कराईत पंथाच्या गणनेचा आधार घेतला आणि २२ ऑक्टोबर काढला. खुद्द मिलरने ही तारीख स्वीकारली ती ऑक्टोबर उजाडल्यावर, जेमतेम दोन-तीन आठवडे आधी.

६/
बेरीज-वजाबाकी निर्दोष आहे, आणि लोक फसले ते तिच्यामुळेच. उत्तर बिनचूक दिसले की गृहीतके तपासण्याची गरज कोणाला वाटत नाही.

७/
पहिले गृहीतक : एक दिवस म्हणजे एक वर्ष. यासाठी गणना १४:३४ आणि यहेज्केल ४:६ ही दोन वचने पुढे केली जातात. ती उघडून वाचावीत. गणनामध्ये चाळीस दिवसांच्या हेरगिरीबद्दल चाळीस वर्षांची शिक्षा होते. यहेज्केलला जितकी वर्षे तितके दिवस एका कुशीवर पडून राहण्यास सांगितले जाते. दोन्ही ठिकाणी दिवस-वर्षाची सांगड ग्रंथ स्वतः, शब्दांत घालतो. दानीएल ८ मध्ये असे एक अक्षर नाही. इतकेच काय, मूळ हिब्रूत त्या वचनात ‘दिवस’ हा शब्दही नाही. तेथे आहे ‘संध्याकाळ-सकाळ दोन हजार तीनशे’. ‘दिवस’ हा मिलरच्या हातातील १६११ च्या इंग्रजी भाषांतराचा शब्द. आणि नियमच लावायचा तर सर्वत्र लावावा. प्रकटीकरणाच्या २० व्या अध्यायातील हजार वर्षे मिलरने हजारच ठेवली. तेथे दिवसाचे वर्ष करून ३ लाख ६५ हजार वर्षे का काढली नाहीत, याचे उत्तर कोठेच मिळत नाही.

८/
दुसरे गृहीतक एका क्रियापदात दडलेले आहे. प्रायश्चित्तदिनाचा धागा जुळला तो इंग्रजीत पवित्रस्थान ‘शुद्ध होईल’ असे छापले होते म्हणून. लेवीयच्या १६ व्या अध्यायात प्रायश्चित्तदिनी शुद्धी होते, म्हणून हाही तोच दिवस. परंतु लेवीयमधील हिब्रू धातू ‘ताहेर’ आहे, शुद्धतेचा; दानीएलमधील शब्द ‘नित्सदक’ आहे, न्याय्य स्थितीत आणले जाण्याचा. ‘शुद्ध होणे’ हा अर्थ प्राचीन ग्रीक भाषांतरातून लॅटिनमध्ये आणि तेथून इंग्रजीत उतरला. म्हणजे २२ ऑक्टोबर ही तारीख भाषांतरकारांच्या शब्दनिवडीवर उभी होती. त्या निवडीच्या भरवशावर माणसांनी उभी पिके शेतात सोडली.

९/
मग २३०० म्हणजे काय? यासाठी गूढविद्येची गरज नाही. त्याच अध्यायात पुढे सहा ओळींवर उत्तर आहे. दृष्टान्तात एक दोन शिंगांचा एडका आणि एक बोकड दिसतो. देवदूत गब्रीएल नावे घेऊन सांगतो : एडका म्हणजे मेदी व पारसी राजे, बोकड म्हणजे ग्रीसचा राजा, त्याचे मोठे शिंग म्हणजे पहिला राजा, ते मोडल्यावर उगवलेली चार शिंगे म्हणजे त्या राष्ट्रातून निघणारी चार राज्ये. सिकंदर आणि त्याच्या सरदारांत विभागलेले साम्राज्य यात न ओळखण्याचे कारण नाही. त्या चारांपैकी एकातून निघणारे लहान शिंग नित्याचे यज्ञ बंद पाडते आणि पवित्रस्थान तुडवते. तो राजा म्हणजे सेल्युकस वंशातील चौथा अँटिओकस, ‘एपिफानेस’ म्हणजे ‘प्रकट झालेला देव’ हे बिरुद मिरवणारा.

१०/
इ.स.पू. १६७ च्या डिसेंबरात जेरुसलेमच्या मंदिरातील वेदीवर परकी वेदी उभारली गेली. इ.स.पू. १६४ च्या डिसेंबरात यहूदा मक्काबीने मंदिर परत घेऊन त्याचे पुनर्समर्पण केले; हनुक्का हा सण त्याचाच. नित्याचा यज्ञ रोज सकाळी आणि संध्याकाळी, असा दोनदा होत असे. बंद पडलेले २३०० यज्ञ म्हणजे ११५० दिवस, तीन वर्षे आणि सुमारे आठ आठवडे. मक्काबीच्या पहिल्या ग्रंथातील तारखांनुसार हा काळ तीन वर्षे दहा दिवसांचा. तंतोतंत जुळत नाही, आणि जुळवून दाखवण्याचा अट्टहासही नको. काही अभ्यासक २३०० पूर्ण दिवस धरून आरंभ आणखी मागे नेतात. परंतु दोन्ही वाचनांत शेवट मंदिराच्या पुनर्स्थापनेपाशीच येतो; न्यूयॉर्क राज्यातील कोणत्याही शेतापाशी येत नाही.

११/
येथे आक्षेप ठरलेला असतो : ‘दानीएल तर इ.स.पू. सहाव्या शतकात बाबेलमध्ये होता; हा अर्थ आधुनिक नास्तिकांनी काढला.’ आधुनिक? तिसऱ्या शतकातील तत्त्वज्ञ पॉर्फिरी याने हा ग्रंथ अँटिओकसच्या काळात लिहिला गेला, असे सविस्तर मांडले होते. तो ख्रिस्ती धर्माचा विरोधक होता, हे खरे. इ.स. ४४८ मध्ये सम्राटांनी त्याचे ग्रंथ जाळण्याचा हुकूम काढला. तरीही त्याचे म्हणणे आज कळते, कारण ते खोडून काढण्यासाठी संत जेरोमने आपल्या दानीएल-भाष्यात ते नोंदवून ठेवले. पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडण्याची ही रीत आजच्या प्रवचनकारांत दुर्मीळ आहे.

१२/
आणि ग्रंथाचा काळ बाजूला ठेवला तरी वाद संपतो. ग्रंथ सहाव्या शतकातील मानणाऱ्यालाही गब्रीएलने उच्चारलेले ‘ग्रीस’ हे नाव पुसता येत नाही.

१३/
काळनिर्णयाचा खरा पुरावा मात्र ११ व्या अध्यायात आहे, आणि तो मन हेलावणारा आहे. सिकंदरानंतरच्या राजांच्या लढाया, विवाहसंबंध, दगाफटके यांचा तपशील तेथे अचूक उतरत जातो, तो मंदिराच्या विटंबनेपर्यंत. त्यानंतर एकाएकी चूक होते. समुद्र आणि पवित्र पर्वत यांच्यामध्ये तळ ठोकलेला असताना त्या राजाचा अंत होईल, असे ग्रंथ सांगतो. प्रत्यक्षात अँटिओकस इ.स.पू. १६४ मध्ये दूर इराणच्या बाजूला मेला. अर्थात लेखणी चालत होती तेव्हा छळ चालू होता आणि राजा जिवंत होता. लिहिणाऱ्याला शेवट माहीत नव्हता.

१४/
पुढे १२ व्या अध्यायाच्या अगदी टोकाला आणखी दोन आकडे येतात : १२९० दिवस, आणि लगेच पुढच्या वचनात वाट पाहून १३३५ दिवसांपर्यंत पोहोचेल त्याला धन्य म्हटलेले. ११५०, १२९०, १३३५. पहिली मुदत टळल्यावर पुढची घातली गेली असावी, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. ते ग्राह्य मानले तर तारीख पुढे ढकलण्याची पहिली वेळ १८४४ ची नव्हे. ती ग्रंथाच्या शेवटच्या पानावरच आहे. फरक एवढाच की ती मुदत भाकिताच्या हौसेने घातलेली नव्हती. ‘अजून किती दिवस?’ असे मारले जाणारे लोक विचारत होते.

१५/
ते का मारले जात होते, हे कळण्यासाठी ‘करार’ या शब्दाकडे यावे लागते. मराठी बायबलने हिब्रू ‘बेरीत’साठी हा अरबी-फारसी वळणाचा, कचेरीतला शब्द स्वीकारला : जुना करार, नवा करार. सोय झाली, पण भाडेकराराची सवय असलेल्या कानाला त्यात अटी, मुदत आणि दोन पक्षांच्या सह्या ऐकू येतात. दानीएलच्या पिढीसाठी बेरीत ही अंगावर वागवायची खूण होती : आठव्या दिवशी मुलाची सुंता. अँटिओकसने तिच्यावर बंदी घातली. मक्काबीचा पहिला ग्रंथ सांगतो की ज्या आयांनी मुलांची सुंता केली त्यांना ठार करण्यात आले आणि तान्ही मुले त्यांच्याच गळ्यांत लटकवण्यात आली. त्याच ग्रंथात दुसराही गट आहे : भोवतालच्या राष्ट्रांशी करार करू या म्हणणारा, सुंतेची खूण मिटवून घेणारा. दानीएल ११ मध्ये ‘पवित्र करार’ हे शब्द पुनःपुन्हा येतात ते या घरभेदामुळे.

१६/
या छळाची एक आठवण कोकणात आहे. बेने इस्राएल समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज याच अँटिओकसच्या जाचातून निघाले. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. परंपरा म्हणजे दस्तऐवज नव्हे; तिचा काळ सिद्ध झालेला नाही. पण ग्रंथ हरपले, भाषा मराठी झाली, व्यवसाय तेलाच्या घाण्याचा झाला, तरी या ‘शनिवार तेल्यां’नी जपले काय? शब्बाथ आणि सुंता. करार शब्दाचा अर्थ शोधणाऱ्याला मिलरच्या तक्त्यापेक्षा रायगड जिल्ह्यातील कबरस्ताने अधिक सांगतील.

१७/
तारणाचेही तेच. मेलेले पुन्हा उठतील, ही कल्पना हिब्रू बायबलात निःसंदिग्धपणे प्रथम दानीएल १२:२ मध्ये येते. जुना हिशेब असा होता की नियम पाळणाऱ्याचे याच जन्मी भले होते. येथे नियम पाळला म्हणूनच माणसे मारली जात होती. जुना हिशेब मोडला, तेव्हा न्याय मृत्यूपलीकडे गेला. या अध्यायांतील तारण म्हणजे निवडक मंडळींना वर उचलून घेण्याची व्यवस्था नव्हे. मारल्या गेलेल्यांचे काय, या प्रश्नाला दिलेले ते उत्तर आहे.

१८/
या पार्श्वभूमीवर ९:२७ या वचनाची आजची अवस्था पाहावी. ‘तो’ एका आठवड्यासाठी, म्हणजे सात वर्षांसाठी, पुष्कळांशी करार पक्का करील, असा त्याचा आशय. ‘तो’ कोण, हे वाक्यात नाही. अँटिओकस आणि त्याला सामील झालेला जेरुसलेममधला गट, हा अर्थ संदर्भात बसतो. जुन्या प्रॉटेस्टंट भाष्यकारांनी येथे ख्रिस्त पाहिला. १८३० च्या दशकापासून जॉन नेल्सन डार्बीच्या शिकवणीतून दुसरा अर्थ पसरला : ‘तो’ म्हणजे ख्रिस्तविरोधी. एकाच सर्वनामात एकाला तारणारा आणि दुसऱ्याला सैतानाचा हस्तक दिसतो, आणि दोघेही म्हणतात की अर्थ स्पष्ट आहे!

१९/
डार्बीच्या पद्धतीत ७० आठवड्यांपैकी ६९ सलग मोजायचे, मग घड्याळ थांबवायचे आणि जवळपास दोन हजार वर्षांच्या खंडानंतर शेवटचा आठवडा सुरू करायचा. त्या खंडाचा उल्लेख वचनात नाही. तरीही या पद्धतीला ‘शब्दशः वाचन’ असे नाव आहे. १९०९ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाने छापलेल्या स्कोफिल्ड बायबलने हे अर्थ तळटिपांत घालून वचनांच्या खाली बसवले, आणि एकाच पानावर असल्याने अनेकांना तळटीप आणि वचन यांतला भेद दिसेनासा झाला. १९७० च्या हॅल लिंडसेच्या खपाऊ पुस्तकाने १९४८ मधील इस्राएलच्या स्थापनेपासून एक पिढी, म्हणजे साधारण चाळीस वर्षे, असा हिशेब सुचवला. १९८८ आले आणि गेले.

२०/
एवढेच असते तर ते दुर्लक्षिता आले असते. परंतु या वाचनाला एक राजकीय शेपूट आहे. शेवटच्या आठवड्याचा आरंभ इस्राएलशी होणाऱ्या कराराने होणार आणि तो करार घडवणारा ख्रिस्तविरोधी असणार, असे एकदा ठरले की त्या प्रदेशात वाटाघाटींसाठी बसणारा प्रत्येक मध्यस्थ संशयित ठरतो. युद्ध हे चिन्ह, आणि शांतताही चिन्हच. त्या भूमीवर राहणारे यहुदी आणि पॅलेस्टिनी यांना या नाटकात पात्राचीही किंमत उरत नाही. ते नेपथ्य होतात. ज्या ग्रंथाने छळल्या जाणाऱ्यांची बाजू घेतली, त्याच्या आधाराने दुरून, सुरक्षित खुर्चीत बसून इतरांच्या संहाराचे वेळापत्रक वाचायचे, हा त्या ग्रंथाचा अपमान आहे. त्याला भक्ती म्हणण्याचे कारण नाही.

२१/
सर्व ख्रिस्ती असे वाचतात, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. ऑगस्टीनने पाचव्या शतकातच प्रकटीकरणातील हजार वर्षांचा अर्थ चर्चच्या चालू काळाशी जोडला आणि तारखांचा नाद परतवून लावला. पाश्चात्त्य चर्चमध्ये तेच मत शतकानुशतके प्रमाण राहिले. तो दिवस आणि ती घटिका कोणालाही ठाऊक नाही, असे सांगणारे वचन शुभवर्तमानातच आहे. ते मिलरच्या अनुयायांनाही पाठ होते. दिवस आणि घटिका नाही, पण वर्ष तर कळेल, असा तोडगा त्यांनी काढला. आणि शेवटी दिवसही काढला.

२२/
२३ ऑक्टोबरनंतर काय झाले, हेही नोंदवले पाहिजे. हायरम एडसन नावाचा अनुयायी रात्रभर रडल्यानंतर सकाळी मक्याच्या शेतातून जात असता त्याला नवा अर्थ सुचला : तारीख बरोबर, जागा चुकली, शुद्धी पृथ्वीची नव्हे, स्वर्गातील पवित्रस्थानाची. त्या वेळी सोळा वर्षांची असलेली एलन हार्मन, पुढची एलन व्हाइट, या गटाची मार्गदर्शक झाली. १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट चर्चची रीतसर स्थापना झाली. पुण्यात औंध रस्त्यावरचे स्पायसर ॲडव्हेंटिस्ट विद्यापीठ याच चर्चचे.

२३/
इकडे २३ मे १८४४ रोजी इराणमधील शिराझमध्ये बाब यांनी आपले कार्य जाहीर केले. बहाई परंपरा दानीएलच्या त्याच २३०० चा, त्याच इ.स.पू. ४५७ पासूनचा हिशेब मान्य करते. मात्र तिच्या मते तो या घोषणेपाशी पूर्ण होतो. पाचगणीचे न्यू एरा हायस्कूल बहाईंनी १९४५ मध्ये सुरू केले. पुणे आणि पाचगणी, दोन संस्था, दोन धर्म, आणि दोन्हींच्या इतिहासात एकच वजाबाकी. या लोकांनी शाळा आणि रुग्णालये काढली, हे त्यांच्या पदरात घालावेच लागते. त्यांच्या कामाचे मोल १८४४ च्या हिशेबावर अवलंबून नाही, आणि त्यांच्या चांगुलपणाने तो हिशेब खराही होत नाही.

२४/
मिलर स्वतः यांपैकी कशातही सामील झाला नाही. कालगणनेत चूक झाल्याचे त्याने उघडपणे मान्य केले, नवी तारीख दिली नाही, आणि पुनरागमन जवळ आहे ही श्रद्धा सोडली नाही. १८४९ मध्ये तो वारला. पुढची मुदत जाहीर करणाऱ्यांनी निदान त्याचा पहिला गुण उचलावा. आणि दानीएलचा आठवा अध्याय वाचताना १४ व्या वचनावर न थांबता २१ व्यापर्यंत जावे. ग्रीसचे नाव तेथे आहे.